ओटीजीची परीक्षा पाईच्या बुडाशी

ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल अशी ओट्यावरची छोटी विजेची भट्टी, घ्यायला गेलं की दुकानदार केकचे फोटो दाखवतो. केकवरून ओटीजी निवडू नये. केक फार सोशिक असतो. आपल्याकडे तो कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून, कितीतरी घरांत वर्षानुवर्षं होत आलाय. भट्टी वीस डिग्रीने घसरली तरी दहा मिनिटं जास्त घेतो आणि फुगून वर येतो. फळांची पाई असलं काही सांभाळून घेत नाही. वरून सोनेरी दिसते, फोटो झकास येतो, आणि सुरी घातल्यावर कळतं की खालची पारी कच्ची, गिच्च राहिलीय. म्हणून मी घेतलेल्या ओटीजीचं परीक्षण मसाला घातलेल्या सफरचंद-पेरूच्या पाईवर करतोय. ज्यांना फक्त केकच करायचेत त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

माझी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत, हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये झाली. गिअर ९०० डिग्रीच्या वर ठेवून कार्बन पाजायचा, तेलात विझवायचा, मग ठिसूळपणा कमी करायला परत १५० ते २०० डिग्रीला तापवायचा, म्हणजे टेम्पर करायचा, हा रोजचा धंदा. पाई भाजली जाते ते १८०-२०० डिग्री म्हणजे आमच्या हिशेबी भट्टी थंडच. पण डायलवर लिहिलेलं तापमान वेगळं आणि आतल्या मालाला लागलेलं तापमान वेगळं, हे त्या नोकरीत हाडात मुरलंय. त्यामुळे खोकं उघडल्यावर मी आधी आत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, सोडलं. “अहो, रिटायर झालात ना?” असं स्वयंपाकघरातून विचारण्यात आलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मी एकच नग तपासलाय आणि एका नगावरून अख्खा लॉट पास किंवा रिजेक्ट करायचा नसतो. ३० लिटर, १६०० वॅट, वर दोन आणि खाली दोन कॉइल, बाजूला पंखा, पुढे तीन डायल. किंमत आठ हजारांच्या आसपास. कर्वे रस्त्यावरच्या दुकानातल्या मुलाने सगळ्यात जास्त वेळ रोटिसरीवर घालवला. “काका, यात अख्खी कोंबडी फिरते.” सौ. म्हणाली, “आमच्यात कोंबडी चालत नाही, फिरायचं तर लांबच.” मुलगा हुशार, लगेच पनीर टिक्क्यावर आला. ती शीग, तिचे चिमटे आणि धरायची मूठ सध्या माळ्यावर आहे. बिनशिगेचं मॉडेल त्या दुकानात नव्हतं, नाहीतर तेच घेतलं असतं.

घ्यायच्या आधी घरातला प्लग पॉइंट बघा. १६०० वॅटला २३० व्होल्टवर साधारण ७ अँपिअर लागतात आणि ओट्यावरचा मिक्सरचा पॉइंट असतो ६ अँपिअरचा. ओटीजीची जाड पिन त्यात जात नाही, मग लोक मध्ये अडॅप्टर खुपसतात. तास-सव्वा तास चालणाऱ्या वस्तूला हा उद्योग करू नका. आमची इमारत ऐंशीच्या दशकातली, ओट्यावर १६ अँपिअरचा पॉइंट नव्हताच. वायरमनला बोलावून वेगळी वायर ओढून घेतली. तो खर्च किमतीत धरावा लागतो. आणि पाईचा बेत गुरुवारी ठरवू नका, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको.

आता तापमान. डायल २०० वर ठेवला. आठव्या मिनिटाला लाल दिवा गेला, म्हणजे यंत्राच्या मते भट्टी तयार. मधल्या जाळीवरची हवा खरोखरच २०० च्या थोडी पुढे होती. पण आतला पत्रा अजून पुरेसा तापलेला नव्हता. मोठ्या भट्टीला विटांचं अस्तर असतं, ते उष्णता धरून ठेवतं. इथे पातळ पत्रा आणि काचेचं दार, साठवण जवळपास शून्य. दार उघडून टिन आत ठेवेपर्यंत आकडा १५० च्या खाली आला. पुढे थर्मोस्टॅट चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकली की विजेचा संपर्क सुटतो, निवली की परत जुळतो. त्यामुळे तापमान एका जागी बसत नाही, १८० ते २२० असं झोके खातं. सरासरी काढली तर १९५ च्या आसपास. या किमतीत हे चांगलं आहे आणि इथे मी कंपनीला पूर्ण गुण देतो. मागचा डावा कोपरा मात्र पुढच्या उजव्यापेक्षा १५-२० डिग्रीने गरम राहतो. पंखा लावला की फरक निम्म्यावर येतो. तरी अर्ध्या वेळात टिन फिरवावं लागतंच.

पाईच्या दृष्टीने खरी अडचण ती साठवण नसण्याची आहे. ओलं सारण, त्याखाली कच्ची पारी, त्याखाली थंड टिन. हे सगळं आत गेल्यावर खालून पहिल्या दहा मिनिटांत जोरात उष्णता मिळाली पाहिजे, नाहीतर पारी भाजायच्या आधी फळाचं पाणी पिऊन बसते. यावर उपाय घरातच होता. डोशाचा बिडाचा तवा, बिनदांड्याचा. तो सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवून ओटीजी पंचवीस मिनिटं तापवायचा आणि टिन थेट तव्यावर ठेवायचं. तव्याच्या चारी बाजूंनी हवा खेळायला जागा राहिली पाहिजे, सगळी जाळी झाकून टाकायची नाही. तव्याशिवाय आणि तव्यासकट, अशी दोन्ही बुडं मी शेजारी ठेवून बघितली. तव्याशिवायचं पांढुरकं आणि बोट लावलं तर दबणारं. तव्यावरचं बिस्किटाच्या रंगाचं, नखाने टिचकी मारली तर आवाज येणारं. पीठ तेच, सारण तेच.

टिन तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानातून आणलं: आठ इंची, ॲल्युमिनियमचं, बूड सुटं. चकचकीत ॲल्युमिनियम कॉइलची उष्णता परत फेकतं, काळपट लेपाचं टिन ती लवकर शोषून घेतं, त्यामुळे निवड असेल तर काळं घ्या. काचेच्या भांड्यात खालची पारी भाजलेली दिसते हा मोठा फायदा, पण फ्रिजमधलं गार काचेचं भांडं तापलेल्या तव्यावर ठेवणं म्हणजे तडा मागून घेणं. सुट्या बुडाच्या टिनातून पाक झिरपतो आणि तव्यावर पडून जळतो. टिनाखाली फॉइलचा तुकडा घातला की ते प्रकरण मिटतं.

पारीबद्दल थोडं सविस्तर, कारण पारी बिघडली तर ओटीजीला दोष देण्यात अर्थ नाही. करंजीच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, पाणी आत शिरू शकत नाही, चिवटपणा धरत नाही, म्हणून पारी खुसखुशीत होते. साट्याच्या करंजीत तूप आणि तांदळाच्या पिठाचा थर वेगळा राहतो म्हणून पापुद्रे सुटतात. पाईची पारी या दोघींच्या मधली आहे. तिच्यात स्निग्ध पदार्थ गार आणि घट्टच जातो, निम्मा पिठात चोळला जातो आणि निम्मा हरभऱ्याएवढ्या गोळ्यांनी तसाच राहतो. चोळलेल्यामुळे खुसखुशीतपणा, गोळ्यांमुळे पापुद्रे. कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांवर वाढलेल्या पुणेकराला पहिला भाग समजावून सांगावा लागत नाही. दुसरा भाग ओटीजीच्या हातात आहे. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, आणि पीठ थराथरांनी उचललं जातं. साजूक तुपात पाणीच नाही. त्यामुळे तुपाची पारी चवीला सुरेख पण रवाळ होते, पापुद्रे सुटत नाहीत. आमच्याकडे या मुद्द्यावर मतभेद आहेत, कारण सौ.ला तुपाचीच आवडते.

आठ इंची टिनाला, खाली आणि वर दोन्हीकडे पारी धरून, मी २५० ग्रॅम मैदा, १६५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, पाऊण चमचा मीठ आणि साठ-सत्तर मिलिलिटर बर्फाचं पाणी घेतो. बटर ३२-३५ डिग्रीला वितळतं, आणि एप्रिलमध्ये दुपारी आमचा ओटा जवळपास तिथेच असतो. तेव्हा पाईचे दिवस दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, आणि वेळ सकाळची. पीठ एकत्र आलं की थांबायचं. पोळीच्या कणकेची सवय असलेले हात मळत सुटतात, त्यांना आवरावं लागतं. मग तासभर फ्रिजमध्ये. लाटून टिनात बसवल्यावर परत अर्धा तास फ्रिजमध्ये. दुसरी विश्रांती टाळली तर पारी भाजताना आक्रसून कडेवरून खाली घसरते.

सारणाला मंडईत गेलो. महात्मा फुले मंडईत फळवाल्याला ‘शिजवायला सफरचंद’ म्हटलं की तो मऊ पडलेली पुढे करतो, मुरांबा करणारं गिऱ्हाईक समजून. मऊ नको. आपल्या बाजारात लाल डेलिशस जातीचंच सफरचंद जास्त, ते गोड असतं, आंबटपणा कमी, आणि भाजल्यावर त्याचा लगदा होतो. हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबट असतं, फोड टिकवून धरतं, पण बहुतेक परदेशातून येतं आणि भाव तसाच. मी निम्मं-निम्मं घेतो, एकूण ७०० ग्रॅम. त्यात पाव किलो पेरू, पिकलेला पण कडक, बियांचा गर काढून. पेरूची भर ही माझी स्वतःची, आणि ती मी सोडणार नाही. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, जेली त्याच्याच जोरावर जमते, त्यामुळे सारण धरून राहतं. शिवाय पाई भाजताना जो वास सुटतो त्यात पेरू सफरचंदाला मागे टाकतो. मूठभर बेदाणे आणि चार-पाच सुकी अंजिरं चिरून. पुरंदरची ताजी अंजिरं, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती यात घालू नका. फार नाजूक आणि फार पाणीदार, नुसती खायची वस्तू आहे.

मसाल्याच्या बाबतीत परदेशी पाककृतीतले आकडे डोळे मिटून घेऊ नका. तिकडे ‘सिनेमन’ म्हणून अनेकदा जे घालतात आणि आपल्या वाण्याकडची जाड, एकपदरी दालचिनी, दोन्ही बहुतेक वेळा कॅशिया, म्हणजे दालचिनीचीच जास्त उग्र भाऊबंद. सिलोनची खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते, बोटांनी चुरडते, वास सौम्य. जाड साल घेणार असाल तर ताजी कुटा आणि पाऊण चमच्यावर थांबा. चार लवंगा, अर्धा चमचा सुंठ, पाव जायफळ किसून. जायफळ इतकंच, कारण मराठी नाकाला जास्त जायफळ लागलं की पुरणपोळी आठवते आणि मग पाई बाजूला राहते. वेलची मी घालत नाही, त्याच कारणाने. साखर ८० ग्रॅम आणि गूळ दोन चमचे, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ.

सफरचंदाची पाई अमेरिकेची म्हणून प्रसिद्ध, पण १४व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तिची पाककृती लिहिलेली सापडते: सफरचंद, नाशपाती, अंजीर, बेदाणे, चांगले मसाले आणि रंगाला केशर. साखरेचा उल्लेखच नाही. हे मी मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखवलं. “साखर नाही आणि केशर आहे? मोठ्या घरची पाककृती असणार,” असा निकाल मिळाला, आणि तो बरोबर असावा. माझ्या अंजीर-बेदाण्यांना मात्र त्यामुळे जुन्या परंपरेचा आधार मिळाला.

फळाच्या फोडी साखर-मसाल्यात तासभर मुरवून सुटलेलं पाणी वेगळं काढायचं, आटवून पाक करायचा, गार करून परत फोडींत मिसळायचा आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉर लावायचं. हा खटाटोप लहान ओटीजीला आवश्यकच आहे. मोठा ओव्हन सारणातलं जास्तीचं पाणी झेलतो, आपला हा पत्र्याचा डबा झेलत नाही. सारण गार असतानाच भरायचं. वर दुसरी पारी, कडेला मुरड, मधोमध वाफेला तीन-चार चिरा, वरून दुधाचा हात.

भाजताना पहिली वीस मिनिटं डायल २२० वर, चारही कॉइल चालू. मग टिन फिरवून १८० वर आणखी चाळीस मिनिटं. वरची पारी वरच्या कॉइलच्या इतकी जवळ असते की अर्ध्या तासातच रंग धरते. तेव्हा वरून फॉइल सैल टाकायचं, पाई बाहेर काढायची नाही. आमच्या शॉपमधले जुने कारागीर स्टीलवर चढलेल्या पिवळट रंगावरून टेम्परिंग ओळखायचे. इथे वरचा रंग फक्त वरच्या पारीची बातमी देतो. पाई झाल्याची खूण मधल्या चिरेत दिसते: तिथून पाक जाड, संथ बुडबुड्यांनी वर आला पाहिजे. कडेचे बुडबुडे धरायचे नाहीत, ते कधीच सुरू झालेले असतात. कॉर्नफ्लॉर ९५ डिग्रीच्या जवळ गेल्याशिवाय नीट घट्ट होत नाही, आणि मधला भाग तिथे सगळ्यात शेवटी पोचतो.

यानंतर निदान चार तास सुरी लावायची नाही. गरम असताना कापली तर सारण ताटभर पळतं आणि लोक म्हणतात पाई बिघडली. आमच्या सोसायटीत या चार तासांवर फार टीका झाली. वास जिन्यात गेलेला असतो आणि मी सगळ्यांना संध्याकाळी या म्हणून सांगतो.

ओटीजीबद्दलच्या राहिलेल्या गोष्टी. एका पाईला, आधीचं तापवणं धरून, मीटरवर दीड युनिटाच्या आत वीज पडते. टायमर स्प्रिंगचा आहे, साठ मिनिटांत दोन-तीन मिनिटांनी पुढे-मागे. मी त्याच्यावर विसंबत नाही, पण शेवटची घंटा दुसऱ्या खोलीत ऐकू येते हे चांगलं. दाराची मूठ गार राहते. दाराची काच आणि वरचा पत्रा चांगलाच तापतो, त्यावर मसाल्याच्या बरण्या ठेवायची जागा समजू नका, आणि मागे-बाजूला चार-चार बोटं मोकळी सोडा. आतला दिवा मिणमिणता आहे, मधल्या चिरेतले बुडबुडे बघायला मला टॉर्च लागते. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार, कारण या पदार्थात बघण्यावरच सगळं आहे. खालचा चुऱ्याचा ट्रे पुढून ओढता येतो, सांडलेला पाक गरम असतानाच ओल्या फडक्याने निघतो, थंड झाल्यावर खरवडावा लागतो. कंपनीच्या दुरुस्ती सेवेशी अजून संबंध आलेला नाही, त्यामुळे त्यावर गुण नाहीत.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण दिव्यामुळे गेला, एक पातळ पत्र्यामुळे, आणि तोही तव्याने बराचसा भरून काढता येतो. हा ओटीजी एकटा पाई भाजू शकत नाही, तव्याबरोबर भाजतो. महिन्याला एखादा केक होणार असेल तर आठ हजार घालू नका, कुकर आहेच. खारी, पाई, नानकटाई अशा पारीच्या आणि पापुद्र्यांच्या वाटेला जाणार असाल तर घ्या, आणि त्याबरोबर आत ठेवायचा डायलचा छोटा थर्मामीटर घ्या. दुकानात फोटो बघत बसू नका. दार उघडायला लावा, खाली वाकून बघा, खालच्या कॉइल मोजा आणि बिडाचा तवा सगळ्यात खालच्या जाळीवर बसेल का ते टेपने मापून घ्या.